आरसी (रिमोटच्या) गाडीचं मोडलेलं प्लास्टिक : कशाला काय चिकटतं?

पावसाळा लागला की मैदानावरच्या गाड्या घरात येतात आणि मोडलेले भाग टेबलावर. या महिन्याच्या पत्रांत म्हणून एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी आली आहे : चिकटवलं होतं, पुन्हा सुटलं. गोंद कोणता, हे बहुतेकांनी विचारलं आहे. प्लास्टिक कोणतं, हे फक्त दोघांनी लिहिलं आहे. उत्तराची सुरुवात तिथूनच होते, त्यामुळे दुसरा प्रश्न सगळ्यांनी वाचावा.

प्रश्न : १:१० मापाच्या ट्रकचा पुढचा खालचा सस्पेन्शन आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा हलता दांडा) मधोमध तुटला. फेविक्विकने तीनदा जोडला, तिन्ही वेळा पहिल्याच उडीत सुटला. आता अ‍ॅराल्डाइट लावू की एम-सील? (परळ)

उत्तर : दोन्ही नकोत. हॉबी दर्जाच्या गाडीचा आर्म जवळजवळ नेहमी नायलॉनचा असतो, कधी त्यात काचेचे तंतूही मिसळलेले असतात. नायलॉन रसायनांना सहसा दाद देत नाही, त्यामुळे गोंद त्यात मुरत नाही, वरवर बसतो. फेविक्विक हा सायनोअ‍ॅक्रिलेट जातीचा गोंद. सरळ खेचलं तर तो चांगला तग धरतो, पण सुकल्यावर काचेसारखा कडक होतो. उडी मारून गाडी जमिनीवर आली की आर्म वाकतो. गोंद वाकू शकत नाही, मग तो कडेपासून सोलला जातो आणि एकदा कड सुटली की उरलेला सांधा उलगडायला क्षणही लागत नाही. अ‍ॅराल्डाइटसारखं एपॉक्सी थोडं जास्त सोसतं, पण नायलॉनवरची त्याची पकड कमजोरच. एम-सील म्हणजे एपॉक्सीची कणीक. गळती बुजवायला ती उत्तम, पण आर्मवर लावलेला गोळा दोन दिवसांनी अख्खाच्या अख्खा निघून हातात येतो.

नवा आर्म घ्या, आणि घेताना डावा-उजवा जोडीने घ्या. पुढचे खालचे आर्म सगळ्यात आधी जातात. एक जोडी डब्यात असलीच पाहिजे.

भाग येईपर्यंत गाडी चालवायचीच असेल तर नायलॉनला वितळवून जोडा. त्यासाठी लागणारी भर घरातच सापडेल : वायरी बांधायचे केबल टाय नायलॉन ६६ चे असतात. आर्मच्या रंगाचा, शक्यतो काळा टाय घ्या. दोन्ही तुकडे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तुटलेल्या रेषेवर दोन्ही बाजूंनी इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच पाडा, प्रत्येक बाजूने जाडीच्या साधारण एक तृतीयांश खोल. तुकडे सपाट फळीवर चिमट्यांनी पक्के करा. तापमान ठरवता येणाऱ्या सोल्डरिंग आयर्नवर जुनं टोक लावा, कारण ते पुन्हा सोल्डरिंगच्या कामाचं राहणार नाही. नायलॉन ६ साधारण २२० अंशांना वितळतं आणि नायलॉन ६६ साधारण २६० ला. आयर्न ३०० च्या आसपास ठेवा. आधी खाचेच्या दोन्ही भिंती ओल्या झाल्यासारख्या चकाकू द्या, मगच टायचं टोक त्यात दाबत भर घाला. इथेच बहुतेकांचं काम बिघडतं. भिंत न वितळवता टायचा रस वर ओतला, तर थंड झाल्यावर तो पापुद्र्यासारखा निघतो. धूर यायला लागला की प्लास्टिक जळतंय, उष्णता कमी करा. खिडकी उघडी ठेवा आणि टेबलावरचा पंखा धूर तुमच्यापासून लांब नेईल असा लावा.

आणखी बळ हवं असेल तर स्टीलच्या चहाच्या गाळणीची जाळी कापून गरम टोकाने पृष्ठभागात दाबून बसवा आणि वरून पुन्हा टाय वितळवा. काचतंतू असलेल्या नायलॉनचा सांधा मूळ भागाइतका मजबूत होत नाही, कारण तंतू सांध्याच्या आरपार जात नाहीत. हिंज पिनच्या (आर्म ज्या बारीक दांडीवर हलतो तिच्या) भोकातूनच आर्म फुटला असेल तर यातलं काहीही करू नका. तिथे भर धरायला मांसच उरलेलं नसतं.

प्रश्न : भाग कुठल्या प्लास्टिकचा आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं? (ठाणे)

उत्तर : धारावीच्या तेरा कंपाउंडमधले कामगार भंगारातलं प्लास्टिक वाकवून, मोडून, वास घेऊन वेगळं करतात. त्या हाताला वर्षांची सवय असते. घरी जाळून वास घेऊ नका. पीव्हीसी आणि गिअरचं प्लास्टिक जळताना निघणारा वायू घातक असतो. त्यापेक्षा पुढच्या तीन गोष्टी करा.

आधी भागाची आतली बाजू बघा. दोन कोनदार कंसांत अक्षरं कोरलेली असू शकतात. पीए म्हणजे नायलॉन, पुढे जीएफ ३० असेल तर त्यात ३० टक्के काचतंतू. पीसी म्हणजे पॉलिकार्बोनेट, पीओएम म्हणजे अ‍ॅसिटल (डेल्रिन या नावाने ओळखलं जातं ते), पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. एबीएस तसंच लिहिलेलं असतं.

खूण नसेल तर पाण्याची परीक्षा. स्क्रू आणि बेअरिंग काढा, ग्रीस पुसा, भाग भांडी घासायच्या साबणाचा थेंब घातलेल्या पाण्यात बुचकळून हवेचे बुडबुडे घालवा. साध्या पाण्यात तरंगला तर पीपी किंवा पॉलिथिन. बुडाला तर दुसऱ्या ग्लासात २०० मिली पाण्यात ३० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. या पाण्यात एबीएस आणि पॉलिस्टायरीन तरंगतात. नायलॉन, पॉलिकार्बोनेट आणि अ‍ॅसिटल तळाला जातात. अख्खा भाग नको, तुटलेला कपचाही पुरतो.

शेवटची परीक्षा अ‍ॅसिटोनची. कापसाच्या बोळ्यावर थेंबभर घेऊन भागाच्या आतल्या, न दिसणाऱ्या जागी दहा सेकंद धरा. एबीएस किंवा पॉलिस्टायरीन चिकट होतं. पॉलिकार्बोनेट पांढुरकं पडतं आणि त्यात बारीक तडे दिसतात, म्हणून रंगवलेल्या बॉडीवर हा प्रयोग कधीच करू नका. नायलॉन, पीपी आणि अ‍ॅसिटल ढिम्म राहतात. नेलपॉलिश रिमूव्हर वापरणार असाल तर बाटलीवरचे घटक वाचा. हल्ली बऱ्याच रिमूव्हरमध्ये अ‍ॅसिटोन नसतं, आणि मग परीक्षा खोटी ठरते. पाण्याच्या परीक्षेतही एक खोच आहे. बंपरच्या पीपीत टाल्क (खनिजाची भुकटी) भरलेलं असलं तर ते साध्या पाण्यात बुडतं आणि एबीएस असल्यासारखं वाटतं. दोन्ही परीक्षांचा निकाल जुळला तरच पुढे जा.

प्रश्न : पारदर्शक प्लास्टिकच्या, आतून रंगवलेल्या बॉडीला चाकाच्या कमानीपासून तडा गेला आहे आणि तो रोज वाढतोय. वरून सेलोटेप लावली ती टिकत नाही. (डोंबिवली)

उत्तर : ही लेक्सान बॉडी, म्हणजे साधारण मिलिमीटरभर जाडीचं पॉलिकार्बोनेट. तिला कडक गोंद चालत नाही. बॉडी प्रत्येक धडकेत लवते आणि लवणं हाच तिचा गुण आहे, म्हणून दुरुस्तीही लवणारी हवी.

आधी तडा थांबवा. तड्याच्या अगदी टोकाला ३ मि.मी.चं भोक पाडा. टोकाशी एकवटणारा ताण गोलाकार कडेवर पसरतो आणि तडा पुढे सरकत नाही. टोक नीट दिसत नसेल तर बॉडी किंचित वाकवून उजेडात धरा. भोक टोकाच्या अलीकडे पडलं तर उपयोग शून्य.

मग आतली बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या ओलसर फडक्याने हलकेच पुसा. थिनर, पेट्रोल, अ‍ॅसिटोन यांतलं काही लावू नका. रंग सुटत असेल तर सुटणारे पापुद्रे काढून टाका, कारण गोंद रंगाला चिकटला आणि रंगच बॉडीला चिकटलेला नसला तर सगळा थर एकत्र उतरतो. तडा बंद करून बाहेरून तात्पुरती मास्किंग टेप लावा. आता आतून जिप्सम बोर्डचे सांधे बुजवायला वापरतात ती फायबरची जाळीची टेप, तड्याच्या दोन्ही बाजूंना २५ मि.मी. जाईल अशी कापून तड्यावर ठेवा. हार्डवेअरच्या दुकानात तिचं मोठं रोल मिळतं, एक रोल वर्षानुवर्षं पुरतो. टेपवर बूट दुरुस्तीचा रबरी गोंद, शू गू किंवा त्या जातीचा, जुन्या प्लास्टिक कार्डाने दाबून पसरा. जाळीची वीण जेमतेम झाकली जाईल इतकाच थर, साधारण एक मिलिमीटर. जाड थर वरून सुकतो आणि आत ओला राहतो. २४ तास हात लावू नका. पावसाळी हवेत गाडीवर चढवण्याआधी ४८ तास जाऊ द्या.

मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तो बी-७००० हाही लवचीक गोंद आहे आणि लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो. कुठलाही गोंद असो, आधी चाचणी घ्या. बॉडी कापताना उरलेल्या पट्ट्या टाकू नका. एक पट्टी कमानीसारखी वाकवून दोरीने बांधा, बाहेरच्या फुगीर बाजूला गोंद लावा आणि दिवसभर ठेवा. पट्टीवर बारीक तड्यांचं जाळं उठलं तर तो गोंद बॉडीवर लावायचा नाही. सपाट पट्टीवर हा दोष दिसत नाही, कारण द्रावण आणि ताण एकत्र आले की मगच पॉलिकार्बोनेट तडकतं.

नवी बॉडी असेल तर तडा जायची वाटच बघू नका. रंग पूर्ण सुकल्यावर कमानी, पुढचं नाक आणि बॉडी पोस्टच्या (बॉडी ज्यांवर बसते त्या खांबांच्या) भोकांभोवती आधीच जाळी बसवा. वजन काही ग्रॅमच वाढतं.

प्रश्न : मी नववीत आहे. माझ्या रिमोटच्या गाडीच्या आतला स्क्रू बसायचा उभा नळीसारखा खांब फुटला आहे आणि बॉडीचा आरसाही तुटला आहे. खेळण्याची गाडी आहे, तिचे सुटे भाग मिळत नाहीत. (मुलुंड)

उत्तर : तुझं काम सगळ्यात सोपं आहे, कारण खेळण्यातल्या गाड्यांची कडक बॉडी बहुधा एबीएस किंवा पॉलिस्टायरीनची असते. मिठाच्या पाण्याची परीक्षा करून खात्री कर. या प्लास्टिकला चिकटवायचं नसतं, विरघळवून एकजीव करायचं असतं. घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घे. अ‍ॅसिटोन चटकन पेटतं, त्यामुळे गॅस, देव्हाऱ्यातली समई, मच्छरची अगरबत्ती यांपासून लांब, खिडकीशी बसून काम कर.

आरशासाठी दोन्ही तोंडं जुळवून धर आणि बारीक कुंचल्याने अ‍ॅसिटोन किंवा मॉडेल बनवणाऱ्यांचं पातळ सिमेंट (तामियाचं हिरव्या झाकणाचं मिळतं) फटीवर टेकव. ते आपोआप आत खेचलं जातं. दहा सेकंद थांबून तुकडे दाब. कडेने प्लास्टिकची बारीक रेघ बाहेर आली की समज, दोन्ही भिंती वितळल्या आहेत. रेघ पुसू नकोस, सुकल्यावर पात्याने तास.

खांबाला भर लागेल. त्याच गाडीच्या तुटलेल्या निकामी तुकड्याचे ५ ग्रॅम बारीक कपचे काचेच्या छोट्या बाटलीत घाल, १० मिली अ‍ॅसिटोन ओत, झाकण लावून रात्रभर ठेव. सकाळी मधासारखी लापशी तयार होते. घट्ट वाटली तर आणखी थोडं अ‍ॅसिटोन. खांबाचे तुकडे आधी पातळ सिमेंटने जोड. मग खांबाभोवती पॉलिस्टरचा शिवणाचा दोरा घट्ट आठ-दहा वेढे गुंडाळ आणि त्यावर लापशीचे दोन पातळ थर दे, मध्ये तीन-चार तास जाऊ दे. स्क्रू फिरतो तेव्हा खांबाला आतून फाडतो. दोरा ते फाटणं आवळून धरतो. दोन दिवस पूर्ण सुकल्याशिवाय स्क्रू घालू नकोस, आणि घालताना आधी उलटा फिरवून जुना आटा सापडला की मगच सरळ फिरव. दोऱ्यावर फेविक्विक ओतायचा मोह होईल. कापसाच्या दोऱ्यावर किंवा कापडावर तो पडला तर काही सेकंदांत इतका तापतो की चटका बसतो, धूरही निघतो.

प्रश्न : प्लंबरचं पीव्हीसी सॉल्व्हंट सिमेंट घरात पडून आहे. चालेल का? (बोरिवली)

उत्तर : नाही. त्यात पीव्हीसीच विरघळवलेलं असतं आणि ते पीव्हीसीच्या पाइपांसाठी बनवलेलं असतं. एबीएस त्याने वरून मऊ पडतं, पण सांधा भरवशाचा होत नाही. लेक्सान बॉडीवर लागलं तर बॉडी गेली.

प्रश्न : फेविक्विकसारखा गोंद जुलैत ट्यूबमध्येच दगड होतो, आणि सांध्याभोवती पांढरी भुकटी धरते. गोंद खराब आहे का? (गिरगाव)

उत्तर : गोंद ठीक असतो, हवा वेगळी असते. सायनोअ‍ॅक्रिलेट हवेतली आणि पृष्ठभागावरची आर्द्रता घेऊन घट्ट होतो. मुंबईच्या पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे ट्यूब उघडताक्षणी काम सुरू. पांढरी भुकटी म्हणजे घट्ट न झालेल्या गोंदाची वाफ, जी आजूबाजूच्या पृष्ठभागावर बसून तिथेच घट्ट होते. गोंद जास्त लावला की भुकटी जास्त.

उपाय : एका सांध्याला जितका लागेल असं वाटतं त्याच्या अर्धाच गोंद घ्या, सुईच्या टोकाने लावा, आणि काम चालू असताना समोरून हळू पंखा लावा म्हणजे वाफ साचत नाही. मोठ्या बाटलीपेक्षा अर्ध्या ग्रॅमच्या ट्यूब पावसाळ्यात स्वस्त पडतात. बाटलीच घ्यायची तर न उघडलेली फ्रिजमध्ये ठेवा. उघडलेली असेल तर टोक पुसून, उभी, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद बरणीत. फ्रिजमधली बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. थंड बाटलीत बाहेरची ओल पाण्याच्या थेंबांसारखी जमते आणि उरलेला गोंद त्याच आठवड्यात जातो.

फट भरायला खाण्याचा सोडा चालतो. फटीत चिमूटभर सोडा, वर पातळ गोंदाचा एक थेंब, तो क्षणात कडक होतो आणि लगेच कानशीने घासता येतो. थरावर थर द्या, एकदम ढीग नको, तो फार तापतो आणि त्याची वाफ डोळ्यांना झोंबते. हा भराव ठिसूळ असतो. सर्वोच्या (चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरच्या) खोक्याची फुटलेली कड, बॅटरीच्या कप्प्याचा कोपरा अशा न लवणाऱ्या जागीच वापरा. मोटरला लागून असलेल्या भागावर तर नकोच : साधारण ८० अंशांच्या पुढे हा गोंद मऊ पडू लागतो, आणि जोरात पळवलेली मोटर तिथपर्यंत सहज पोचते.

प्रश्न : पुढचा बंपर पाण्यात तरंगतो, अ‍ॅसिटोनने काही होत नाही. म्हणजे पीपी. याला काय लावू? (वाशी)

उत्तर : परीक्षा नीट केलीत. पीपीवर साधा कोणताही गोंद धरत नाही. त्याचा पृष्ठभाग गोंदाला पसरूच देत नाही, अळवाच्या पानावर पाणी गोळा होऊन राहतं तसं. पॉलिओलेफिन (पीपी, पॉलिथिन या जातीच्या) प्लास्टिकसाठीचा प्रायमर आणि सायनोअ‍ॅक्रिलेट अशी जोडी मिळते, ती छोट्या, मार न खाणाऱ्या तुकड्याला ठीक आहे. बंपर मात्र मारच खातो. तो वर सांगितलेल्या रीतीने वितळवून जोडा, फक्त आयर्न २५० अंशांच्या आत ठेवा, कारण पीपी साधारण १६५ लाच वितळतं. भर म्हणून हॉटेलातून पार्सल येतं तो डबा घ्या. तळाशी त्रिकोणात ५ आकडा असेल तर तो पीपीचा. धुऊन, वाळवून त्याच्या ४-५ मि.मी. रुंद पट्ट्या कापा. केबल टाय इथे चालणार नाही. नायलॉन आणि पीपी एकमेकांत मिसळत नाहीत.

प्रश्न : टायर रिमवरून सुटतात. (कल्याण)

उत्तर : बहुधा नव्या टायरवर साच्यातला तेलकट थर राहिलेला असतो. टायरची कड साबणाने धुवा, वाळवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रिमची खाच १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करा. टायर कोरडाच नीट बसवा, मग कड अंगठ्याने मागे ओढून पातळ ते मध्यम जाडीच्या सायनोअ‍ॅक्रिलेटचा एकेक थेंब, चौथाई भाग करत, चारही बाजूंनी. रबर लवतं आणि गोंदाचा थर इथे अगदी बारीक असतो, म्हणून हा गोंद याच जागी उत्तम ठरतो. एक बाजू १५ मिनिटं वाळली की दुसरी. गाडी दुसऱ्या दिवशी चालवा. जुना टायर काढायचा असेल तर चाक उकळत्या पाण्यात २० मिनिटं ठेवून ओढा. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवणं फक्त नायलॉनच्या रिमला, एबीएसची रिम त्यात विरघळेल.

प्रश्न : स्पर गिअरचे (मोटरच्या छोट्या गिअरने फिरणाऱ्या मोठ्या गिअरचे) दोन दात तुटले. दात बसवता येतील? (अंधेरी)

उत्तर : नाही. गिअर अ‍ॅसिटल किंवा नायलॉनचा असतो. गोंद धरणार नाही, आणि वितळवून केलेला दात पिनियनवर (मोटरच्या छोट्या गिअरवर) नीट न बसता बाकीचेही दात खाईल. गिअर बदला, आणि तो का तुटला ते बघा : दोन गिअरमध्ये साध्या कागदाची पट्टी ठेवून ते जवळ आणा, मोटरचे स्क्रू आवळा, पट्टी फिरवून बाहेर काढा. पट्टीवर घड्या पडल्या पण ती फाटली नाही, तर अंतर बरोबर आहे.

प्रश्न : स्क्रू सैल होतात म्हणून सगळीकडे निळा थ्रेडलॉकर (स्क्रूचे आटे धरून ठेवणारा द्रव) लावला. आठवड्यात बॉडी पोस्टचा माउंट आणि रिसीव्हरचा डबा तडकला. (दादर)

उत्तर : थ्रेडलॉकर धातूत धातू बसतो तिथेच लावायचा असतो : मोटरचे स्क्रू, पिनियनचा ग्रब स्क्रू (डोकं नसलेला छोटा स्क्रू), धातूच्या नटातले बोल्ट. एबीएस आणि पॉलिकार्बोनेटला तो तडे पाडतो. उरलेला सगळा साबणाच्या कोमट पाण्याने आजच धुऊन काढा. प्लास्टिकात जाणाऱ्या स्क्रूचं भोक सैल झालं असेल तर त्याच जाडीचा एक नंबर लांब स्क्रू वापरा. तोही फिरला तर नायलॉनच्या भागात भोकामध्ये केबल टायची बारीक सालपट उभी घालून स्क्रू हळू आवळा, आणि पुढे प्रत्येक वेळी स्क्रू आवळताना तो बसल्यावर पाव वेढ्यापेक्षा जास्त फिरवू नका.